तलावाकाठचे ‘ताता वास्को’ : बिशप वास्को दे किरोगा यांचे जीवन

मेक्सिको हा देश आपल्यापासून फार दूर असला, तरी वसईच्या भाविकांना तो अगदीच परका नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना क्रुसावर हौतात्म्य आले. त्याच टेकडीवर, त्याच दिवशी, त्यांच्यासोबत मेक्सिको शहरात जन्मलेले संत फिलीप यांनीही प्रभूसाठी प्राण अर्पण केले. या दोघांच्या हौतात्म्याच्या बत्तीस वर्षे आधी मेक्सिकोतील एका वृद्ध बिशपांनी शांतपणे डोळे मिटले होते. त्यांना हौतात्म्य आले नाही, पण त्यांचे नाव तेथील एका तलावाच्या काठी आजही घरोघरी घेतले जाते. त्यांचे नाव वास्को दे किरोगा.

मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, डोंगरांच्या कुशीत पात्सक्वारो नावाचा तलाव आहे. त्याच्या काठावर आणि बेटांवर पुरेपेचा नावाचे आदिवासी लोक राहतात. वर्षभर येथे सणांची रेलचेल असते. खेड्याखेड्यांतून संरक्षक संतांचे सण, मिरवणुका, वाद्यवृंद आणि सामुदायिक भोजने होतात. हसऱ्या म्हाताऱ्याचे लाकडी मुखवटे घालून, काठी टेकत, लाकडी तळाच्या वहाणांनी ताल धरणारे तरुण ‘म्हाताऱ्यांचे नृत्य’ सादर करतात. १ नोव्हेंबरच्या रात्री हनीत्सिओ बेटावर आणि काठावरच्या दफनभूमींत कुटुंबे मेणबत्त्या लावून आप्तांच्या कबरींजवळ जागरण करतात. कबरी झेंडूच्या फुलांनी झाकून जातात. आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मुळात याच भूमीतला. मृतांचा हा सण युनेस्कोने २००८ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तर पुरेपेचा भाषेतील ‘पिरेक्वा’ या गीतप्रकाराला २०१० साली तोच मान मिळाला.

परदेशातून येणारे पाहुणे हा आनंद पाहून हरखून जातात. परंतु पाचशे वर्षांपूर्वी याच तलावाकाठी गावे ओस पडली होती, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

जळालेला राजा, पळालेली प्रजा

पुरेपेचांचे राज्य बलाढ्य होते. शेजारच्या अ‍ॅझटेक साम्राज्यालाही ते जिंकता आले नव्हते. १५२० च्या दशकात स्पॅनिश फौजा आल्या तेव्हा त्यांचा राजा तांगाशुआन याने रक्तपात टाळून शरणागती पत्करली आणि पुढे स्नानसंस्कारही स्वीकारला. तरीही सोन्याचा हव्यास सुटलेला नव्हता. मेक्सिकोच्या पहिल्या शाही न्यायमंडळाचा अध्यक्ष नुन्यो दे गुस्मान याने १५३० साली या राजाचा छळ करून त्याला ठार केले व त्याचा देह जाळला. स्नानसंस्कार घेतलेल्या राजाची ही गत, मग सामान्यांचे काय? लोक घरेदारे सोडून डोंगरात पळाले. ज्यांच्या हातात क्रूस होता त्यांच्याच हातात तलवारही होती. अशा वेळी सुवार्तेवर कोणी आणि का विश्वास ठेवावा?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला जो मनुष्य आला, तो धर्मगुरूदेखील नव्हता.

न्यायाधीश झाला मेंढपाळ

वास्को दे किरोगा यांचा जन्म स्पेनमधील कास्तील प्रांतात मद्रिगाल या गावी झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी न्यायदानाच्या कामात नाव कमावले. उत्तर आफ्रिकेतील ओरान येथेही त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले होते. नुन्यो दे गुस्मानच्या कारभाराच्या तक्रारी वाढल्यावर स्पेनच्या दरबाराने नवे न्यायमंडळ नेमले. त्याचे एक सदस्य म्हणून किरोगा १५३१ साली मेक्सिकोला पोहोचले. तारुण्य तेव्हा मागे पडले होते. मान, पगार आणि निवृत्तीनंतरचे सुखाचे आयुष्य एवढ्यावर ते समाधान मानू शकले असते.

पण न्यायासनासमोर रोज उभे राहणारे चेहरे त्यांना स्वस्थ बसू देईनात. पोरकी मुले बाजारात सांडलेले धान्य वेचून पोट भरत होती. माणसे गुलाम म्हणून डागली जात होती. किरोगांनी आपल्या पगारातून जमीन विकत घेतली आणि १५३२ साली मेक्सिको शहराजवळ ‘सांता फे’, म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’ या नावाचे गाव वसवले. पुढच्याच वर्षी शाही निरीक्षक म्हणून ते मिचोआकानला गेले आणि पात्सक्वारो तलावाच्या काठी दुसरे सांता फे उभे राहिले.

१५३४ साली राजाज्ञेने आदिवासींना गुलाम करण्यास पुन्हा मोकळीक दिली, तेव्हा किरोगा गप्प राहिले नाहीत. १५३५ साली त्यांनी या आज्ञेविरुद्ध एक विस्तृत कायदेशीर निवेदन लिहून स्पेनला पाठवले. राजाच्याच नोकराने राजाच्या हुकमाला दिलेले हे आव्हान होते.

पोप तिसरे पॉल यांनी १५३६ साली मिचोआकान धर्मप्रांताची स्थापना केली आणि त्याचे पहिले बिशप म्हणून या प्रापंचिक न्यायाधीशाची निवड झाली. मेक्सिकोचे बिशप हुआन दे सुमारागा यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा व बिशपपदाची दीक्षा मिळाली. १५३८ साली त्यांनी धर्मप्रांताची सूत्रे हाती घेतली आणि आपले आसन तलावाच्या काठी पात्सक्वारो येथे हलवले.

सहा तासांचे काम, सर्वांची पंगत

किरोगांनी इंग्लंडचे संत टॉमस मूर यांचे ‘युटोपिया’ हे पुस्तक वाचले होते. त्यात एका काल्पनिक बेटावरील आदर्श समाजाचे वर्णन आहे. इतरांनी ते कल्पनेचा खेळ म्हणून वाचले. किरोगांना मात्र त्यात गाव वसवण्याचा आराखडा दिसला.

त्यांच्या गावांना ‘रुग्णालय-गावे’ म्हटले जाई. तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा, वाटसरूंना आसरा, अनाथांचा सांभाळ आणि धर्मशिक्षण या सर्वांची सोय होती. जमीन सर्वांच्या मालकीची होती. दिवसाचे काम सहा तासांचे. पीक गरजेनुसार वाटले जाई आणि उरलेले दुबळ्यांसाठी राखून ठेवले जाई. प्रत्येकाने शेती शिकावी आणि त्यासोबत एखादा हुन्नरही शिकावा, असा नियम होता. गावचे प्रमुख गावकऱ्यांनीच निवडायचे. मोठ्या सणांना सर्वांनी एकत्र बसून आनंदाने जेवावे, अशी तरतूदही त्यांच्या नियमावलीत आढळते. कालपर्यंत भीतीने डोंगरात लपलेल्या माणसांना पुन्हा एका पंगतीत बसवणे हे त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचेच कार्य होते.

कलेवरचा विश्वास

तलावाकाठच्या प्रत्येक गावाला ताता वास्कोंनी एकेक कला दिली, असे तेथील लोक मानतात. सांता क्लारा गावात तांबे ठोकून भांडी घडवतात, सांता फे येथे मातीची भांडी होतात, पाराचो गाव गिटारींसाठी प्रसिद्ध आहे. गावांनी एकमेकांशी स्पर्धा करण्यापेक्षा एकमेकांकडून विकत घ्यावे, म्हणजे कोणीच उपाशी राहणार नाही, हा त्यामागील विचार असल्याचे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तांबट, कुंभार, लाखेचे रंगकाम करणारे कारागीर हे सारे पुरेपेचांमध्ये किरोगा येण्यापूर्वीच होते. किरोगांचे मोठेपण कला आणण्यात नव्हते. जिंकलेल्या लोकांच्या हातांत कसब आहे हे त्यांनी ओळखले, त्याला नवी अवजारे व नव्या रीतींची जोड दिली आणि त्यावर पोट भरता येईल अशी व्यवस्था लावली.

या विश्वासाची सर्वांत सुंदर खूण पात्सक्वारोच्या बासिलिकेत आहे. तेथील ‘आरोग्यमाते’ची मूर्ती किरोगांनी स्थानिक कारागिरांकडून करवून घेतली. ती दगडाची नाही, लाकडाचीही नाही. मक्याच्या ताटांचा गाभा कुटून, त्यात ऑर्किडच्या कंदाचा चिकट रस मिसळून केलेल्या लगद्यातून ती घडली. पुरेपेचा लोक पूर्वी आपल्या देवतांच्या हलक्या मूर्ती अशाच घडवीत. किरोगांनी ती कला निषिद्ध ठरवली नाही, उलट तिच्याच हाती पवित्र मरियेचे रूप सोपवले. दरवर्षी ८ डिसेंबरला या मातेचा सण मोठ्या थाटात साजरा होतो.

तिकडची परंपरा असेही सांगते, की मिचोआकानमध्ये केळीची रोपे ताता वास्कोंनीच आणली. वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेल्या वाचकाला हे ऐकून त्यांच्याविषयी अधिकच आपुलकी वाटेल!

अपुरे राहिलेले मंदिर

१५४० साली किरोगांनी पात्सक्वारो येथे संत निकोलस विद्यालय स्थापन केले. तेथे भावी धर्मगुरू घडू लागले. पात्सक्वारोच्या आदिवासींनी हे विद्यालय बांधण्यासाठी घाम गाळला होता, म्हणून त्यांच्या मुलांना तेथे विनामूल्य शिकवावे, असे त्यांनी आपल्या मृत्युपत्रात नमूद केले.

त्यांचा मार्ग सोपा नव्हता. आदिवासींच्या श्रमावर गबर झालेल्या जमीनदारांशी त्यांचे खटले वर्षानुवर्षे चालले. धर्मप्रांताच्या कामासाठी १५४७ साली ते स्पेनला गेले आणि १५५४ साली परतले. त्यांचे दोषही इतिहासकार दाखवतात. स्पॅनिश सत्ता योग्य आहे, तिची रीत सुधारली पाहिजे, असेच त्यांचे मत होते. त्यांच्या गावांचे नियम कपड्यांपासून कामापर्यंत सारे काही ठरवून देत. ते आपल्या काळाचे अपत्य होते. पण त्या काळातील इतरांनी जेथे फक्त मजूर पाहिले, तेथे त्यांना माणसे दिसली.

१४ मार्च १५६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. पाच दालनांचे भव्य कॅथेड्रल उभारण्याचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले, एकच दालन पूर्ण झाले. १५८० साली धर्मप्रांताचे आसन आणि विद्यालय आजच्या मोरेलिया शहरात गेले. दगडाचे मंदिर असे अर्धवट राहिले, परंतु माणसांत उभारलेले त्यांचे काम टिकले. विद्यालयाच्या जुन्या इमारतीत आज लोककलांचे संग्रहालय आहे. शहरातील मुख्य चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यांचे अवशेष आरोग्यमातेच्या बासिलिकेत विसावले आहेत.

१६ फेब्रुवारी २०१६ रोजी मोरेलिया येथील मिस्सामध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे स्मरण केले आणि २१ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘पूज्य’ म्हणून घोषित करण्यास मान्यता दिली. संतपदाच्या वाटेवरील ही महत्त्वाची पायरी आहे. पुरेपेचा लोकांनी मात्र त्यांना केव्हाच आपली पदवी दिली होती. ‘ताता’ म्हणजे पिता. आपल्या जुन्या मराठीतील ‘तात’ या शब्दाची येथे सहज आठवण होते.

परक्या भूमीत सुवार्ता घेऊन जाणाऱ्याने प्रथम तेथील माणसांचे अश्रू पाहावेत, मग त्यांचे हात पाहावेत, हे ताता वास्कोंच्या जीवनाने दाखवून दिले. ज्यांचा राजा जाळला गेला, त्यांच्याच वंशजांच्या मिरवणुकीत आज आरोग्यमाता मक्याच्या ताटांचा हलका देह धारण करून निघते. तलावाकाठच्या त्या सणात वाजणारे प्रत्येक वाद्य आणि पेटणारी प्रत्येक मेणबत्ती सांगते, की न्याय मिळाला तरच लोक मनापासून सण साजरा करू शकतात.