बेडफर्डचा तांबट : जॉन बन्यन

विद्वानांची व सेनापतींची चरित्रे आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात वारंवार येतात. आज आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवीत आहो, की जो ना विद्वान होता ना सेनापती. तो भांडी सांधणारा कारागीर होता, साधा शिपाई होता व बायकामुलांवर जीव असलेला गृहस्थ होता.

इंग्लंडातील बेडफर्ड शहराजवळ एल्स्टो नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १६२८ साली जॉन बन्यन याचा जन्म झाला. त्याचा बाप फुटक्या भांड्यांना डाक लावण्याचा धंदा करी. त्या देशात हा धंदा हलका समजत. घरी दारिद्र्य असूनही आईबापांनी मुलास शाळेत घातले, हे त्यांस भूषणावह होय. परंतु थोडेसे लिहिणेवाचणे येते न येते तोच त्याच्या हाती हातोडा आला.

१६४४ साली त्याची आई वारली व पाठोपाठ बहीणही गेली. त्या सुमारास राजा पहिला चार्ल्स व पार्लमेंट यांच्यामध्ये युद्ध चालले होते. सोळा वर्षांचा बन्यन पार्लमेंटच्या सैन्यात शिपाई झाला व न्यूपोर्ट पॅग्नेल येथील छावणीत १६४७ पर्यंत राहिला. एकदा एका वेढ्यावर जाण्यास त्याची निवड झाली असता दुसरा एक शिपाई आपण होऊन त्याच्या जागी गेला आणि पहाऱ्यावर असताना डोक्यात गोळी लागून मेला. आपले प्राण वाचले ते कशासाठी, हा विचार बन्यनच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

सैन्यातून परतल्यावर त्याने पुन्हा ऐरण उचलली व लग्न केले. नवराबायको इतकी गरीब होती की, संसारास लागणारी भांडीही त्यांच्याजवळ नव्हती. बायकोने माहेराहून दोन धर्मपुस्तके मात्र आणली होती. ती वाचता वाचता या उडाणटप्पू तरुणाचे मन पालटू लागले. पुढे तो बेडफर्ड येथील एका लहान मंडळीत सामील झाला व दिवसभर भांडी सांधून फावल्या वेळी उपदेश करू लागला. १६५८ साली त्याची पत्नी वारली. तिच्यामागे चार मुले राहिली, व त्यांतील थोरली मेरी ही जन्मांध होती. दुसऱ्या वर्षी एलिझाबेथ नावाच्या स्त्रीने या घराचा भार स्वीकारला.

१६६० साली राजसत्ता पुन्हा स्थापन झाली, आणि सरकारमान्य चर्चच्या बाहेर सभा भरवून उपदेश करणाऱ्यांवर खटले होऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात बन्यनला पकडण्यात आले. उपदेश करणार नाही, एवढे वचन दिले असते तर त्याची सुटका झाली असती. ते त्याने दिले नाही, व बारा वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला.

हे सांगणे सोपे आहे. परंतु त्याची किंमत कोणी दिली हेही वाचकांनी पाहावे. अटकेच्या धक्क्याने एलिझाबेथ अकाली प्रसूत होऊन तिचे मूल दगावले. तशाही स्थितीत ती १६६१ साली न्यायाधीशांपुढे उभी राहून नवऱ्यासाठी बोलली. सर मॅथ्यू हेल यांनी तिचे म्हणणे कनवाळूपणे ऐकले, परंतु तिला न्याय मिळाला नाही. आंधळ्या मेरीची आठवण होऊन बन्यनचे काळीज तुटे. तुरुंगात तो नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसवून त्या विकी व ते पैसे घरी धाडी. सदसद्विवेकासाठी त्याने तुरुंग पत्करला, पण मुलांचा घास विसरला नाही.

१६७२ साली तो सुटला व त्याच मंडळीचा पाळक झाला. १६७८ साली त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील यात्रेकरू बायकामुलांना मागे ठेवून एकटाच स्वर्गीय नगराकडे निघतो. १६८४ साली दुसरा भाग निघाला. त्यात तीच बायकामुले त्याच वाटेने जाऊन पैलतीर गाठतात. घर सोडावे लागलेल्या बापाच्या अंतःकरणातूनच हा दुसरा भाग निघाला असावा, असे आम्हांस वाटते. हरि केशवजी यांनी १८४१ साली हा ग्रंथ 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला.

१६८५ साली पुन्हा छळ होण्याचे भय वाटून बन्यनने आपली सर्व मालमत्ता एलिझाबेथच्या नावे करून दिली. त्या लेखात त्याने आपला धंदा लिहिला तो ग्रंथकार असा नव्हे, पाळक असाही नव्हे, तर तांबट असा.

१६८८ साली एका रुसलेल्या बापाचा व मुलाचा समेट करण्यासाठी तो रेडिंग येथे गेला. समेट झाला, पण तेथून घोड्यावर लंडनला येताना तो पावसात भिजला, व ज्वराने ३१ ऑगस्ट रोजी त्याचे देहावसान झाले. लंडनमधील बनहिल फील्ड्स येथे त्याची कबर आहे.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांचे हात काळे असले तर त्याची लाज बाळगू नका. आणि पालकहो, दारिद्र्यातही मुलास चार अक्षरे शिकविणारा तो एल्स्टोचा बाप आपण ध्यानात ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.