वैमानिक इंद्रलाल रॉय

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले, तेव्हा विमानाचा शोध लागून पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि पुढे एक इंजिन, अशी ती विमाने असत. त्यांत बसून आकाशात झेपावण्याचा ध्यास लंडनमध्ये शिकणाऱ्या एका बंगाली मुलाने घेतला. त्याचे नाव इंद्रलाल रॉय.

इंद्रलालाचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. वडील बॅरिस्टर होते. आई ललिता मुलांना घेऊन लंडनला राहिली आणि इंद्रलाल तेथील सेंट पॉल शाळेत शिकू लागला. वैमानिक होण्यासाठी त्याने अर्ज केला, तो दृष्टी अधू असल्याच्या कारणावरून नाकारला गेला. तेव्हा त्याने आपली मोटारसायकल विकली व त्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. या वेळी निर्वाळा अनुकूल मिळाला आणि जुलै १९१७ मध्ये तो वैमानिक दलात दाखल झाला.

काही महिन्यांच्या शिक्षणानंतर त्यास फ्रान्समध्ये ५६ व्या तुकडीत धाडण्यात आले. तेथे त्याच्या हाती एस. ई. ५ हे विमान आले. यात बैठक एकच. शिक्षकाने मागे बसून चूक सावरून घ्यावी, अशी सोयच नव्हती. तुकडीत येऊन आठवडा झाला न झाला तोच, नोव्हेंबरात जमिनीवर उतरताना त्याचे विमान आपटले. तो इतका निश्चेष्ट पडला होता, की त्यास मृत समजून प्रेतागारात ठेवले आणि शुद्धीवर आल्यावर त्याने दार ठोठावले, अशी हकिकत सांगतात.

बरे होण्यास दिवस लागले. त्या काळात तो विमानांची चित्रे रेखाटीत असे. वैद्यांनी त्यास उड्डाणास अपात्र ठरविले होते. जमिनीवरचे काम पत्करून तो सुखाने राहू शकला असता, आणि त्यास कोणी नावही ठेवले नसते. पण तो वरिष्ठांकडे सारखी विनवणी करीत राहिला. अखेर परवानगी मिळाली. नेमबाजीचे शिक्षण नव्याने घेऊन जून १९१८ मध्ये तो ४० व्या तुकडीत गेला. तेथे मॅक्‌एलरॉय या आयरिश वैमानिकाने त्यास हवाई युद्धाचे डावपेच शिकविले.

जुलैच्या अवघ्या दोन आठवड्यांत इंद्रलालाच्या नावे दहा विजय नोंदले गेले. त्यांपैकी तीन तर एकाच दिवशी, चार तासांच्या आत. ज्या साम्राज्यासाठी तो लढत होता, त्याच्याच अमलाखाली त्याची मातृभूमी होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

२२ जुलै १९१८ रोजी कार्विन गावावर झालेल्या चकमकीत त्याचे विमान पेटून कोसळले. तेव्हा त्यास विसावे वर्ष चालू होते. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक त्यास मरणोत्तर देण्यात आले. ते मिळविणारा तो पहिला भारतीय. फ्रान्समधील एस्तव्हेल या खेड्यात त्याची कबर असून तिच्यावर फ्रेंचबरोबर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत.