चिरेचे गणित मांडणारे ग्रिफिथ

विमाने, जहाजे व पूल अचानक का मोडतात, या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देणारे ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन आर्नोल्ड ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडन येथे झाला. लिव्हरपूल विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत रुजू झाले.

काचेची प्रत्यक्ष ताकद सैद्धांतिक ताकदीपेक्षा फारच कमी का, हे त्यांना उमगत नव्हते. त्यांनी काचेचे तंतू ओढून तोडले. अतिसूक्ष्म तंतू जाड तंतूंहून सुमारे वीसपट बळकट ठरले. दोष अंगभूत सूक्ष्म चिरांचा होता. चीर वाढताना मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास लागणाऱ्या ऊर्जेहून अधिक झाली, की ती आपोआप धावत सुटते, असा सिद्धांत त्यांनी १९२० मध्ये मांडला.

तन्य धातूंत चिरेच्या टोकाशी विरूपण होऊन पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे हे गणित तेथे अपुरे पडे. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने जोडलेली पोलादी जहाजे थंडीत ठिसूळपणे दुभंगली, तेव्हा या सिद्धांताचे मोल उमगले. पुढे अमेरिकेत जॉर्ज आयर्विन यांनी तो धातूंना लागू केला.

ग्रिफिथ यांनी १९२६ मध्ये टर्बाइनविषयी मूलगामी प्रबंध लिहिला, १९३९ पासून रोल्स-रॉइसमध्ये जेट इंजिनांवर काम केले. १३ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. चीर असणारच, असे गृहीत धरून रचना करण्याची आजची रीत त्यांच्याच विचारातून आली आहे.