फुलामुलांचे कवी, गावोगावचे पाळक

टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. दुसरे टिळक शाळेच्या पुस्तकात फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात आणि परीक्षा संपली की विसरले जातात. मीही विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात माझी फजिती झाली, तिच्यामुळे ते मला पुन्हा भेटले.

शिबिर आमच्या सुप्याजवळच्याच एका वस्तीवर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून पाणी वाचविण्यावर भाषण करण्याचे काम मोठ्या कौतुकाने माझ्याकडे आले. जलसंधारण, भूजलपातळी असे शब्द मी पाठ करून गेलो. आजी मुद्दाम ऐकायला आली होती. रात्री तिने विचारले की, आज कोणता साहेब बोलून गेला? तिचे डोळे अधू आहेत. पण माझा आवाज तरी तिने ओळखायला हवा होता! मराठीच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि ग्रंथालयातून रेव्हरंड टिळकांचे चरित्र काढून माझ्या हातात ठेवले.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशिकला संस्कृत शिकले, पदवी मात्र नाही. नोकऱ्या धरीत आणि सोडीत ते हिंडत राहिले. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नी लक्ष्मीबाईंना अंधारात ठेवून. त्यापायी या बाईंनी काही वर्षे जी ताटातूट सोसली, ती वाचून टिळकांविषयीचा माझा आदर थोडा उणावला, हे लपवीत नाही. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

पुढचे आयुष्य आपल्या नगरशी (आता अहिल्यानगर) बांधलेले. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्येच ठाणे मांडले होते. मिशनची माणसे खेडोपाडी फिरत. ज्या महारवाड्या-मांगवाड्यांकडे गाव पाठ फिरवी, तेथे त्यांनी शाळा काढल्या, मुलांच्या हाती पाटी दिली. हे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या उपासनेला परदेशी चाल होती. शब्द मराठी, सूर साता समुद्रापलीकडचे. माझ्या भाषणाचे तरी दुसरे काय झाले होते?

कीर्तनाची वाट नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधी पाडली होती. टिळक त्या वाटेने फार दूर गेले. तुकोबांचे अभंग त्यांच्या अंगात भिनलेले होते, आणि आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मानीत. त्यांनी ख्रिस्ती मंडळींसाठी अभंग रचले, भजने रचली. देव बदलला म्हणून माणसाने आपला देश, आपला पेहराव, आपली भाषा का टाकावी, हा त्यांचा सवाल होता. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही त्यांची गीते गातात. खेड्यातल्या बाईला ती शिकवावी लागत नसतील, तिची जात्यावरची जीभ आधीच तयार असते.

१९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'चे संपादक होते. तरीही मिशनच्या पगारात त्यांचा जीव गुदमरू लागला. १९१७ मध्ये त्यांनी ती चाकरी सोडली, संन्याशाप्रमाणे राहू लागले आणि देवाचा दरबार उभारायला निघाले. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर घरीच अक्षरे गिरवलेली ही बाई!

त्यांची 'स्मृतिचित्रे' मी सध्या रात्री आजीला वाचून दाखवतो. एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. टिळक मुंबईला निघून गेले तिथवर आम्ही आलो आहोत. आजी त्यांच्यावर भयंकर रागावली आहे, आणि बाईंचे पुढे काय झाले ते आधी सांग, म्हणून हटून बसली आहे.