फिल कॅट्झ

फिलिप वॉल्टर कॅट्झ (३ नोव्हेंबर, इ.स. १९६२ - १४ एप्रिल, इ.स. २०००) हे अमेरिकन संगणक आज्ञावलीकार होते. अनेक फाइलींचा आकार कमी करून त्या एकाच फाइलीत बांधणाऱ्या झिप या रचनेचे आणि त्यासाठीच्या पीकेझिप या आज्ञावलीचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात. झिपची रचना त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. त्यामुळे ती जगभर रूढ झाली व त्यांच्या मृत्यूनंतरही टिकून राहिली.

प्रारंभिक जीवन

कॅट्झ हे विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीचे. इ.स. १९८४ मध्ये त्यांनी मिलवॉकी येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली. नोकरी करीत असतानाच ते घरी, फावल्या वेळात आज्ञावल्या लिहीत. इ.स. १९८६ मध्ये त्यांनी पीकेवेअर ही कंपनी स्थापन केली. तिच्या व्यवहारात त्यांच्या आई हिल्डेगार्ड यांचा सहभाग होता.

आर्क आणि न्यायालयीन वाद

त्या काळी संगणकप्रेमी दूरध्वनीच्या तारेवरून बुलेटिन बोर्डाशी जोडले जात आणि फाइलींची देवाणघेवाण करीत. २४०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमवरून एक मेगाबाइटची फाइल पाठविण्यास तासाभराहून अधिक वेळ लागे आणि दूरध्वनीचे बिल वाढत जाई. फाइल जितकी लहान, तितका वेळ व पैसा वाचे.

या कामासाठी सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्या कंपनीची आर्क ही आज्ञावली प्रचलित होती. कॅट्झ यांनी तिला पर्याय म्हणून पीकेआर्क तयार केली. तिचे महत्त्वाचे भाग असेंब्ली भाषेत लिहिल्यामुळे ती मूळ आज्ञावलीपेक्षा बरीच वेगवान होती. मात्र आर्कचा सोर्स कोड उपलब्ध होता व त्यातील भाग उचलला गेल्याचा आरोप करून त्या कंपनीने इ.स. १९८८ मध्ये दावा दाखल केला. तपासणीत दोन्ही आज्ञावल्यांमधील साम्य टिपण्यांतील शुद्धलेखनाच्या चुकांपर्यंत आढळले. त्याच वर्षी तडजोड झाली. कॅट्झ यांना रक्कम द्यावी लागली आणि आर्क रचनेवर आधारित आज्ञावल्यांचा प्रसार थांबवावा लागला. असे असूनही बुलेटिन बोर्डांवरील अनेकांची सहानुभूती कॅट्झ यांच्याच बाजूने राहिली.

झिपची निर्मिती

या निर्बंधानंतर कॅट्झ यांनी नवी रचना आखली. इ.स. १९८९ च्या आरंभी पीकेझिप प्रसिद्ध झाली. रचनेच्या घोषणेत गॅरी कॉनवे यांचाही सहभाग होता. रचनेचे संपूर्ण तांत्रिक वर्णन आज्ञावलीसोबतच देण्यात आले आणि कोणालाही तिचा वापर करण्याची मुभा ठेवण्यात आली. इन्फो-झिप या स्वयंसेवकांच्या गटाने त्याआधारे इतर संगणकप्रणालींसाठी मोफत आज्ञावल्या लिहिल्या.

इ.स. १९९३ मधील पीकेझिपच्या दुसऱ्या आवृत्तीत डिफ्लेट ही पद्धत आली. ती दोन जुन्या कल्पनांचा मेळ घालते. अब्राहम लेंपेल व जेकब झिव यांच्या इ.स. १९७७ च्या पद्धतीनुसार, आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता तो किती मागे आहे आणि किती लांबीचा आहे एवढेच नोंदविले जाते. त्यानंतर डेव्हिड हफमन यांच्या इ.स. १९५२ च्या पद्धतीने वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत दिले जातात. उलट क्रिया केल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळते.

कमांड लाइनवरील वापर

पीकेझिपमध्ये चित्रे वा बटणे नव्हती. आज्ञावलीचे नाव, झिप फाइलीचे नाव आणि बांधावयाच्या फाइली अशी एक ओळ टंकित केली की काम होई. फाइली सोडविण्यासाठी पीकेअनझिप ही वेगळी आज्ञावली होती.

झिप फाइलीची सूची तिच्या शेवटी असते आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे संक्षेपित केलेली असते. त्यामुळे सर्व काही न सोडविता आतील नावे पाहता येतात किंवा हवी तेवढीच एक फाइल काढता येते. युनिक्सवरील टार ही आज्ञा फाइली केवळ एकत्र बांधते व जीझिप त्या गठ्ठ्याचा आकार कमी करते. तेथे शेवटची फाइल काढण्यासाठी आधीचा सर्व भाग उलगडावा लागतो. मात्र संपूर्ण गठ्ठा एकत्र संक्षेपित झाल्याने बहुधा जागा अधिक वाचते. झिपमध्ये प्रत्येक फाइलीसोबत ३२ बिटांची पडताळणी संख्याही साठविलेली असते. अनझिप आज्ञेतील चाचणीचा पर्याय तिच्या आधारे बिघडलेली फाइल ओळखतो.

देवनागरी मजकूर आणि झिप

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘परभणी’ या शब्दात प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. या पाचही चिन्हांचा पहिला बाइट एकच आहे आणि पहिल्या चारांचा दुसरा बाइटही समान आहे. अशी पुनरावृत्ती डिफ्लेटला सोयीची असल्याने मोठा मराठी मजकूर चांगलाच आटोपशीर होतो. फाइलींच्या नावांबाबत मात्र मूळ रचना रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. यूटीएफ-८ नावांची अधिकृत सोय इ.स. २००६ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या आज्ञावल्यांमध्ये देवनागरी नावे विस्कटलेली दिसत.

अखेरची वर्षे

कंपनीची भरभराट होत असताना कॅट्झ यांना मद्याचे व्यसन जडले. ते कामकाजापासून व निकटवर्तीयांपासून दूर गेले. १४ एप्रिल, इ.स. २००० रोजी मिलवॉकी येथील एका हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. दीर्घकालीन मद्यपानातून उद्भवलेले विकार हे मृत्यूचे कारण होते. त्यांचे वय ३७ वर्षांचे होते.

वारसा

डिफ्लेटचे वर्णन इ.स. १९९६ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत समाविष्ट झाले. पीएनजी चित्रे आणि जीझिप यांतही हीच पद्धत वापरली जाते. डॉक्स व ओडीटी दस्तऐवज, ईपब पुस्तके आणि अँड्रॉइडच्या एपीके फाइली या रचनेने झिपच असतात. त्यांपैकी कोणतीही फाइल कमांड लाइनवर अनझिप आज्ञेने उघडून आतील भाग पाहता येतात. अशा फाइलीचे पहिले दोन बाइट सामान्यतः ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरे, म्हणजेच फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे, असतात. दस्तऐवजांसाठीच्या झिप रचनेला इ.स. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.