पंचवीस धावांचे अंतर

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून, म्हणजे आताच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरून, सकाळी फिरताना मला हटकून प्रा. दि. ब. देवधर आठवतात. देवधर पुण्याचे. पण त्यांची पहिली ओळख मला याच मैदानावर झाली, आणि तीही आमच्या क्रीडाशिक्षकांच्या तोंडून. साठच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. सामना दोन दिवसांचा. निकाल लागला नाही तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी. आदल्या संध्याकाळी सरांनी आम्हाला गोल करून बसवले आणि डावपेच सांगण्याऐवजी १९४० सालच्या एका सामन्याची गोष्ट सांगितली.

रणजी करंडकाचा तो सामना पुण्यात झाला. महाराष्ट्राविरुद्ध मुंबई. नियम तोच, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी निर्णायक. मुंबईचे नाव तेव्हाही मोठे होते आणि पुण्याची खेळपट्टी म्हणजे फलंदाजांचे माहेर. अशा ठिकाणी प्रतिपक्षाला दोनदा बाद करण्याची स्वप्ने पाहण्यात अर्थ नसतो. पहिल्या डावात एवढ्या धावा जमवायच्या, की समोरच्याची दमछाक व्हावी. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात कर्णधार देवधरांच्या २४६. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते! मुंबईही काही कमी नव्हती. खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले, धावफलक सहाशेच्या पुढे गेला आणि अखेर ६५० वर डाव संपला. अंतर अवघे पंचवीस धावांचे. पुढे मद्रासला अंतिम सामना सहा गडी राखून जिंकून महाराष्ट्राने सलग दुसऱ्या वर्षी करंडक घरी आणला.

हे देवधर व्यवसायाने संस्कृतचे प्राध्यापक. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात शिकवायचे आणि मैदानावर खेळायचे. जन्म १४ जानेवारी १८९२चा, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. १९११ मध्ये ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले. १९२६ साली आर्थर गिलिगनचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला, तेव्हा अखिल भारतीय संघातर्फे त्यांनी १४८ धावा काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटेवर त्या खेळीचे मोल मोठे आहे, असे मला वाटते. पण १९३२ मध्ये भारताचा संघ पहिली अधिकृत कसोटी खेळायला लॉर्ड्सवर उतरला, तेव्हा देवधर त्यात नव्हते. वयाची चाळिशी गाठली होती. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

एखादा माणूस तिथेच बॅट माळ्यावर टाकून कडवटपणे उरलेले आयुष्य काढता. देवधरांनी मात्र महाराष्ट्राचा संघ हाती घेतला. विजय हजारे, सोहोनी अशी तरुण मंडळी त्या संघात होती. हजाऱ्यांनी १९३९-४० च्या मोसमात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. त्याच मोसमात पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्र प्रथमच विजेता ठरला. मुलांच्या वयाच्या खेळाडूंत प्रोफेसर उन्हात उभे राहत, धावत, आणि तासन्‌तास फलंदाजी करत. १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली. आमच्यापैकी कितीजण त्या वयात जिना न धापता चढतात?

घरातही खेळच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव काढले. मुलींनी परकर सावरत अंगणापुरते खेळावे, असे मानणाऱ्या काळात एका संस्कृतच्या प्राध्यापकाने मुलींच्या हाती रॅकेट दिली, हे मला त्यांच्या २४६ धावांइतकेच मोठे वाटते.

आता आमच्या सामन्याचे. सरांचा बेत सोपा होता. प्रतिस्पर्ध्यांचे दोन वेगवान गोलंदाज मॅटिंगवर सकाळी चेंडू छातीपर्यंत उठवत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना नुसते खेळून काढायचे, चेंडू जमिनीलगत ठेवायचा, एकेरी धावा घ्यायच्या. दुपारी ते थकले की आघाडी आपोआप हाती येईल. बेत बरोबर निघाला. दुपारी दोघांचे खांदे पडले. आम्हाला आघाडीसाठी वीस-बावीस धावा हव्या होत्या, चार गडी शिल्लक होते आणि मी तिशीत खेळत होतो. तेवढ्यात मंडपाच्या बाजूला कॉलेजच्या मुली येऊन बसल्या. पुढच्याच चेंडूवर मी पुढे सरसावलो आणि मिडऑनच्या हातात सोपा झेल दिला. शेपूट गुंडाळायला अर्धा तासही लागला नाही. आम्ही अकरा धावांनी मागे पडलो.

सर रागावले नाहीत. त्यांनी पॅड सोडायला मदत केली आणि मॅटिंग गुंडाळायला माळ्याबरोबर निघून गेले. ते मला अधिक लागले.

जानेवारी १९९२ मध्ये देवधरांनी वयाचेही शतक पूर्ण केले. आदल्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. ती बातमी वाचल्यावर मी कपाटातून जुने गुणपत्रक काढले. माझ्या नावापुढे ३४ होते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी देवधर गेले. ते गुणपत्रक अजून माझ्याकडे आहे.