कुलुपे घडविणाऱ्याचा मुलगा

दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ओहमचा नियम ठाऊक असतो. तारेच्या दोन टोकांमधील विद्युतदाबाला तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने भागले की तारेचा रोध मिळतो. परीक्षेत गुण मिळतात आणि नियम विसरला जातो. मी तर पुढे कला शाखेकडे वळलो, म्हणजे माझा आणि या नियमाचा संबंध संपल्यातच जमा होता. पण ग्रंथालयात शास्त्रज्ञांची चरित्रे चाळताना ओहम पुन्हा भेटला, आणि या एका ओळीसाठी एका माणसाने केवढी किंमत मोजली ते कळले. त्या माणसाची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली आणि जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली. वडिलांचे शालेय शिक्षण यथातथाच होते. पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुस्तके वाचून गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते. जॉर्ज आणि धाकटा मार्टिन यांना गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान त्यांनीच शिकविले. मुलांची तयारी पाहून विद्यापीठातील लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकांना गणितज्ञांच्या सुप्रसिद्ध बर्नुली घराण्याची आठवण झाली.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि नृत्य, बिलियर्ड्‌स व बर्फावरून घसरण्याचा खेळ यांत रमला. आपल्याला मिळाली नाही ती संधी मुलगा उधळतो आहे, हे वडिलांना सहन झाले नाही. तीन सत्रांनंतर विद्यापीठ सुटले आणि जॉर्ज स्वित्झर्लंडमध्ये एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. वय वर्षे सतरा! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यामुळे त्या कुलूपवाल्या बापाचा संताप मला समजावून सांगावा लागत नाही. पुढे मुलाने शिकवता शिकवता स्वतःचा अभ्यास चालू ठेवला आणि १८११ साली एर्लांगेनलाच डॉक्टरेट मिळविली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

त्यानंतरही बरीच वर्षे पोटापुरत्या नोकऱ्यांत गेली. १८१७ साली कलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. तेथे प्रयोगशाळा चांगली होती. १८२० साली ओर्स्टेडने विजेचा प्रवाह चुंबकसूचीला वळवतो हे दाखविले होते. ओहमला या प्रवाहाचे गणित मांडायचे होते.

पण त्या काळच्या बॅटरीचा जोर क्षणाक्षणाला उतरत असे. मोजमाप करणार कसे? पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने सुचविल्यावरून त्याने बॅटरी बाजूला ठेवली व बिस्मथ आणि तांबे या धातूंचा जोड घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातील फरक कायम, म्हणून दाबही कायम. मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने पाळीपाळीने जोडल्या. प्रवाहामुळे वळलेली चुंबकसूची मूळ जागी आणण्यासाठी तिच्या टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, ते तो मोजी. तार लांब होत जाई तसा प्रवाह एका निश्चित प्रमाणात घटत जाई. १८२६ साली नियम हाती आला. वडील ओळंबा लावल्याशिवाय भिंत चढवीत नाहीत. ओहमचे उकळते पाणी आणि बर्फ हा मला त्याचा ओळंबाच वाटतो.

या नियमाचा उपयोग पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. घरातली इस्त्री घ्या. दाब २३० व्होल्ट आणि प्रवाह ५ अँपिअर असेल, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ ओहम हा तिचा रोध. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते : ११५० वॅट. म्हणजे तासभर इस्त्री तापत राहिली तर १.१५ युनिट वीज खर्च होते. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले, तरी उत्तर तेच : २५ गुणिले ४६, म्हणजे ११५०. तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हा हिशेब ज्यूलने १८४१ साली मांडला. मात्र धातू तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून नियम लावताना तापमान स्थिर आहे असे धरावे लागते.

१८२७ साली ओहमचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याने अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली होती. या ग्रंथावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, ही त्याची आशा. मिळाली उपेक्षा. गणिताच्या सूत्रांत निसर्ग बांधणे अनेक जर्मन विद्वानांना रुचले नाही. एका टीकाकाराने तर ग्रंथ निव्वळ कल्पनाविलास ठरविला. दुखावलेल्या ओहमने १८२८ साली कलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये आठवड्याला मोजके तास शिकवून दिवस काढले. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तांत्रिक विद्यालयात जागा मिळाली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

मान मिळाला तो प्रथम परदेशातून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद, ज्याची त्याने उमेदीच्या काळात वाट पाहिली, ते लाभले १८५२ साली. ६ जुलै १८५४ रोजी त्याचे निधन झाले. हवे ते पद जेमतेम दोन वर्षे त्याच्या वाट्याला आले.

१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. त्याच्यावर टीका करणाऱ्यांची नावे शोधायला आज जुने ग्रंथ उघडावे लागतात. ओहमचे नाव मात्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या तोंडीही असते. कुलुपे घडविणाऱ्याच्या मुलाला याहून मोठा मान कोणता?